बोजूला समजेपर्यंत

विभावरी गानूच्या फार्मसीत शिरलेला मराठी माणूस औषधाबरोबर एक दुरुस्तीही घेऊन बाहेर पडायचा. दुरुस्ती फुकट असे.

"मॅडम, खोकल्यामुळे रात्री झोपच भेटत नाही हो."

"झोप लागत नाही. भेटतात ती माणसं. दोन चमचे, जेवणानंतर, आणि हे घेऊन गाडी चालवायची नाही."

किवींच्या देशात, बॉटनी डाउन्समध्ये, मॉलच्या मागच्या बाजूला ही फार्मसी. रविवारी जवळच्याच हॉलमध्ये विभावरी मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची आणि गणपतीच्या आधी दोन महिने मंडळाचं नाटक बसवायची. तिच्या तालमीत संवाद पाठ करणं सोपं, उच्चार पास होणं अवघड. शकु जाधव, मूळची उदगीरची, हॉस्पिटलात अख्खा वॉर्ड धाकात ठेवणारी नर्स. एका वर्षी तिला शेजारणीचं काम मिळालं.

"काय करायलीस गं?" शकुने एन्ट्री घेतली.

"शकु, 'काय करते आहेस'."

"मी तेच म्हणले की."

"'म्हटलं.'"

पुढच्या वर्षी शकुने आपणहून पडदा ओढायचं काम मागून घेतलं. विभावरी सगळ्यांना सांगायची, "शकु पडदा फार छान ओढते हं."

विभावरी वाईट नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की डिंकाचे लाडू तिचे, कुणाची नोकरी गेली की पहिला फोन तिचा. फक्त भाषेच्या बाबतीत तिला दया-माया नव्हती. आणि नियतीने तिच्या पदरात टाकला होता आरव. इथेच जन्मलेला, ईस्ट टामाकीत पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याला मराठी सगळं समजायचं. बोलायचा मात्र तो इंग्रजीतच.

"आरव, थोडा भात वाढू?"

"ना मम, आय'म स्वीट अ‍ॅज."

"स्वीट अ‍ॅज काय? नको तर नको म्हण, पण वाक्य पूर्ण कर."

तर असा हा आरव एके दिवशी सृजना राई नावाच्या मुलीला घेऊन घरी आला. त्याच्याच कंपनीत, मूळची नेपाळची, इथे वाढलेली. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, दारात काढून, पाय जवळ घेऊन सोफ्यावर बसली. चहा झाला, फिजोआची फळं कापून झाली. विभावरीचा नवरा अनिरुद्ध हवामानावर बोलून मोकळा झाला. मग सृजनाने इंग्रजी आणि हिंदीची मोट बांधत मुद्द्याला हात घातला.

"आंटी, आमच्यात मुलगी मागायची एक रीत आहे. मुलाच्या आईने यायचं आणि मुलीच्या आईच्या गावच्या बोलीत मुलगी मागायची. एक बाटली पण आणायची."

"बाटली?" अनिरुद्ध सरसावून बसला.

"आमची माणसं म्हणणार, समजलं नाही. पुन्हा मागायची. पुन्हा म्हणणार, समजलं नाही. सगळे हसतात, मजा असते. शेवटी घरातली सगळ्यात मोठी बाई म्हणते, 'समजलं'. की बाटली उघडते, लग्न ठरलं."

"आणि तिला नाहीच समजलं तर?" विभावरीने विचारलं.

"असं कधी झालेलं नाही." सृजनाने फिजोआची एक फोड उचलली. "पण बोजूचं, म्हणजे माझ्या आजीचं, काही सांगता येत नाही. माझ्या दोन्ही मावसबहिणींची मागणी इंग्लिशमध्ये झाली, व्हिडिओ कॉलवर. बोजू तेव्हापासून म्हणते, एक तरी नात नीट मागून नेली पाहिजे. आता मीच उरले. आणि आंटी, बोजू 'समजलं' म्हणाली नाही तर मी लग्न करणार नाही."

"यू'र किडिंग," आरव म्हणाला.

"नो."

विभावरीने त्या क्षणी ही सून मनोमन पक्की केली. भाषेसाठी लग्न मोडायला तयार असलेली मुलगी! पुण्यातसुद्धा असं स्थळ शोधून सापडलं नसतं.

"भाषेचं नाव काय म्हणालीस?"

"दोखिम. पूर्व नेपाळच्या डोंगरात बोलतात. माणसं फार नाहीत, मोजकी गावं. पण प्रत्येक गावची बोली वेगळी. आमची लिमदेलची."

"वेगळी म्हणजे किती? पुणं आणि नागपूर?"

"मध्ये एक ओढा आहे, आंटी. ओढा ओलांडला की कोंबडीचं नाव बदलतं."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर दुसऱ्या कुणाही बाईने लिमदेलची बोली येणारं माणूस शोधलं असतं. विभावरीने मात्र विचार केला. बोली म्हणजे मूळ भाषा वापरून वापरून झिजलेली. मग झिजलेलं कशाला शिकायचं? पहिल्यांदाच जातोय त्या घरात, तर अस्सल माल घेऊन जावं. तिने इंटरनेटवर शोध घेतला आणि तिला हवं ते मिळालं. 'शुद्ध दोखिम बोला.' शिक्षक : जसबहादुर मास्तर, निवृत्त. मुक्काम टौरंगा, मुलगा तिथे किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर.

'शुद्ध' हा शब्द वाचूनच विभावरीला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू झाली. मास्तरांचं हिंदी चांगलं होतं. टोपी घालून, पाठ ताठ ठेवून ते पडद्यावर बसायचे.

"लिमदेलची मुलगी आहे म्हणता?" ते हसले. "बाई, लिमदेलचे लोक दोखिम बोलत नाहीत, खोकतात. भाषा आमच्या तापखूची. गाव वर आहे ना, हवा स्वच्छ."

"अगदी!" विभावरी म्हणाली. "आमच्याकडेही असंच आहे, मास्तर. नदी ओलांडली की 'ण'चा 'न' होतो."

दोघांनी मिळून जगभरच्या अशुद्ध माणसांबद्दल हळहळ व्यक्त केली, मग धडा पुढे सरकला. दोखिममध्ये चढून येणं, उतरून येणं आणि सपाटीवरून येणं अशा तीन येण्यांना तीन क्रियापदं होती. विभावरीने ते इतकं मनावर घेतलं की अनिरुद्धला फोनवर नकाशा उघडायला लावला.

"बघ ना, सृजनाचं घर आपल्यापेक्षा वर आहे की खाली?"

"विभा, मधे तीन राउंडअबाउट आहेत. त्यांना कुठलं क्रियापद?"

ती गोळ्यांच्या स्ट्रिप मोजता मोजता वाक्यं घोकायची. कियोरा असा नमस्कार करत आत आलेलं गिर्‍हाईक चार पावलं मागे सरकायचं. एका शनिवारी तर चकलीचा डबा घेऊन ती टौरंगाला गाडी हाणत गेली. मास्तरांनी समोरासमोर परीक्षा घेतली आणि म्हणाले, "बाई, अख्ख्या लिमदेलमध्ये असा उच्चार कुणाचा नाही." हे वाक्य तिने पुढचे आठ दिवस भेटेल त्याला ऐकवलं.

मागणीच्या दिवशी विभावरीने पैठणी नेसली. अनिरुद्धने बाटली स्वतः निवडली, कारण ते खातं त्याचं. ईस्ट टामाकीच्या कारखान्यांमागच्या गल्लीतलं छोटं घर चपला-बुटांनी दारातूनच भरलेलं होतं. आत काका, मावश्या, सेल रोटीचा तुपकट गोड वास. हीटरशेजारच्या खुर्चीत बोजू बसली होती. नाकात सोन्याची मोठी फुली, अंगात फ्लीसचं जाकीट, एवढीशी बाई. तिच्यामागे सृजनाची आई रेणू ट्रे घेऊन उभी होती. रेणू एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर होती. बोलताना ओठ कमी हलवायची, हसली तरी ओठ मिटूनच.

विभावरीने बाटली बोजूपुढे ठेवली. पदर सावरला. आणि श्वास न अडखळता, एकही मात्रा न सांडता, अख्खी मागणी म्हणून दाखवली.

खोलीत कुणी हसलं नाही. 'समजलं नाही'सुद्धा कुणी म्हणालं नाही. रेणूने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. बोजूने बाटली दोन बोटांनी मागे सरकवली, आणि विभावरीला हिंदीच्या आधाराने कळेल अशा साध्या नेपाळीत विचारलं, "तुम्हाला जसबहादुरने पाठवलं?"

"ते माझे गुरू आहेत," विभावरी अभिमानाने म्हणाली.

"मग त्यांनाच सांगा 'समजलं' म्हणायला."

बाहेर गाडीपाशी सृजना रडकुंडीला आली होती. "आंटी, मी सांगितलं होतं, लिमदेलची बोली! जसबहादुर ममीच्या शाळेत मास्तर होते. वर्गात लिमदेलची बोली तोंडातून निघाली की हातावर छडी. ममी अजून घरातसुद्धा ती बोलताना तोंडावर हात धरते. नेपाळी बोलते, इंग्लिश बोलते, तेव्हा हात नसतो. आणि तुम्ही आज... हुबेहूब त्यांच्यासारखं. तो गळ्यातला सूरसुद्धा."

"हुबेहूब?" विभावरीच्या चेहऱ्यावर पाव सेकंद आनंद तरळून गेला. मग तो गेला, आणि जो चेहरा उरला तो अनिरुद्धने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

बाटली मांडीवर घेऊन तो गाडीत बसला. पहिल्या सिग्नलला त्याने तोंड उघडलं.

"विभा, एक सांगू? पहिल्याच प्रयत्नात एवढं अचूक दुखावणं कुणालाही जमलं नसतं."

"गाडी चालव."

"तूच चालवते आहेस."

आरव दोन दिवस आईशी इंग्रजीतही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात रेणू बोजूच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला फार्मसीत आली. विभावरीने गोळ्या पिशवीत घातल्या, पिशवी मात्र हातातच धरून ठेवली.

"मला तुमची बोली शिकवाल?"

"मला नीट येत नाही," रेणू हिंदीत म्हणाली.

"माझ्यापेक्षा बरी येत असेल."

"तुम्हाला तर फार चांगली येते," रेणू म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली. तिला टोमणा मारता येत होता, म्हणजे आशा होती.

शेवटी सृजनाने मध्यस्थी केली. रेणूच्या परसात, पडलेल्या फिजोआच्या सड्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून शिकवणी सुरू झाली. रेणूने पहिलं वाक्य सांगितलं. तळहात तोंडावर, नजर गवतावर. विभावरीने ते म्हटलं आणि वर सवयीने जोड दिली, "पण मास्तर तर इथे शेवटाला..."

रेणू उठली. "चहा करते."

चहा आला, बिस्किटं आली, शिकवणी काही आली नाही. विभावरी बिस्किट हातात धरून बसली. अशी मधेच उठून जाणारी बाई आपण कुठेतरी पाहिली आहे, असं तिला वाटत राहिलं. घरी पोचेपर्यंत तिला आठवलं. मग तिने काही कारण नसताना शकु जाधवला फोन लावला.

"शकु, काय करायलीस?"

पलीकडून आधी नुसतं "कोण?" आलं. मग शकु म्हणाली, "मॅडम, चेष्टा करायलाव का माझी?"

"नाही गं, सहज."

"बीपी बघितलाव का तुमचं? बघा आधी. गोळ्या तर तुमच्याच दुकानात हायेत."

क्षमा मागण्याचा विभावरीचा हा पहिलाच प्रयोग होता, तो असा पडला.

पण पुढच्या शिकवणीपासून तिने एक केलं. रेणू बोलली की तिने फक्त ऐकायचं आणि ऐकलं तसंच म्हणायचं. 'पण' नाही, 'खरं तर' नाही, 'मूळ शब्द' नाही. हे व्रत तिला एकादशीपेक्षा जड गेलं. कधी कधी ती ओठ दातात धरून बसायची. रेणू बघायची आणि, ओठ मिटूनच का होईना, हसायची. हळूहळू ती मागणीची वाक्यं सोडून इतरही सांगायला लागली. शेळीला काय म्हणतात, पोरगं हट्टाला पेटलं की काय म्हणतात, नवरा घोरतो त्याला काय म्हणतात. यातलं शेवटचं विभावरीने लगेच पाठ केलं. फक्त हात काही तोंडावरून हलला नाही. शब्दांची सुरुवात बोटांच्या फटीतून बाहेर यायची, शेवट तळहातातच राहायचा.

विभावरीसारखी विद्यार्थिनी, तिने जसं ऐकलं तसंच टिपलं.

दुसरी मागणी थंडीत झाली. तेच घर, त्याच चपला. बाटलीही तीच, अनिरुद्धने मनावर दगड ठेवून न उघडलेली. बोजूने आधी पैठणीकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग हाताने खूण केली : हं, बोला.

विभावरी बोलली. खोलीतल्या माणसांनी कान टवकारले. सूर लिमदेलचा होता. शब्दही लिमदेलचेच वाटत होते. फक्त प्रत्येक शब्द दारापर्यंत येऊन परत फिरत होता.

"समजलं नाही," बोजू म्हणाली.

काका-मावश्या खूश झाले. रीत सुरू झाली! विभावरीने पुन्हा म्हटलं.

"समजलं नाही."

तिसऱ्यांदा म्हटलं. बोजूने कानामागे हात धरला, पुढे वाकली, आणि तिचा चेहरा बघून सगळ्यांच्या लक्षात आलं की म्हातारी नाटक करत नाहीये. तिला खरंच कळत नव्हतं. अर्ध्या शब्दांतून कुणाला काय कळणार?

"ही कुणाकडून शिकली हे?" बोजूने नेपाळीत विचारलं. "याला शेपट्याच नाहीत."

सृजनाने आईकडे पाहिलं. आरवने सृजनाकडे पाहिलं. अनिरुद्धने बाटलीकडे पाहिलं. विभावरीचे डोळे भरून आले होते. पण तिने एकदाही रेणूकडे बोट दाखवलं नाही. ती चौथ्यांदा म्हणायला लागली, तेच, तसंच, बिनशेपटीचं. कारण तिला दुसरं येतच नव्हतं.

"आमा!"

आईला हाक मारून रेणू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झारा होता, आणि झारा असल्यामुळे हात तोंडावर नव्हता.

"आमा, ती म्हणते आहे," रेणू म्हणाली, आणि मग लिमदेलच्या बोलीत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, तिने अख्खी मागणी म्हटली. आम्ही लांबून आलो आहोत. पाय दुखले आहेत. तुमच्या अंगणात एक रोप आहे. आमच्या घराला त्याची सावली द्या. प्रत्येक शब्द नीट पूर्ण केला. काही शेवट तर थोडे लांबवलेसुद्धा. सृजना तोंड उघडं टाकून बघत होती. आईचा हा आवाज तिने ऐकलाच नव्हता.

बोजूने खुर्चीला पाठ टेकवली. डोळे मिटले. उघडले.

"समजलं," ती म्हणाली.

टाळ्या, शिट्ट्या. आरव "येस!" म्हणून उडालाच. एका काकांनी बाटलीच्या बुचाला हात घातला.

"थांबा," बोजू म्हणाली. "मागितलं कुणी?"

काकांचा हात बुचावरच थांबला.

"आवाज रेणूचा होता. 'आमच्या घराला द्या' असं रेणू म्हणाली. म्हणजे या बाईने आपली मुलगी मागितलेली नाही. आपण तिचा मुलगा मागितला आहे." म्हातारीने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "आता समजलं की नाही, हे तिने सांगायचं."

काकांनी बुचावरून हात काढला. सृजनाने घाईघाईने विभावरीला अर्थ सांगितला. "आंटी, आता टर्न तुमची आहे. फक्त 'समजलं' म्हणा. संपलं मग."

"मम, प्लीज," आरव म्हणाला. "जस्ट से इट."

विभावरीला सगळं समजलं होतं. रोप, सावली, दुखणारे पाय, आणि आजवर तळहातात राहून गेलेला प्रत्येक शेवट. आयुष्यात इतकं नीट तिला क्वचितच काही समजलं होतं. तिने रेणूकडे पाहिलं. एवढ्या माणसांच्या नजरा अंगावर घेऊन रेणू अवघडली होती. झारा तिने कुणाच्या तरी हातात दिला होता, आणि तो मोकळा हात हळूहळू वर निघाला होता.

विभावरीने मांडी घातली, पदर खोचला, आणि रेणूनेच शिकवलेल्या बोलीत म्हणाली, "समजलं नाही. पुन्हा सांगा. जरा मोठ्याने."

आधी बोजू हसली. मग सगळं घर हसलं. रेणूने अर्ध्यावर आलेल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि पुन्हा मागणी घातली. या वेळी रोपाचं वर्णन जरा वाढलं, घराला अंगण आलं.

"समजलं नाही," विभावरी म्हणाली.

"अगं, समज की आता!" अनिरुद्ध कळवळून म्हणाला. "त्या रोट्या गार होतायत."

"तू गप्प बस रे. त्या बोलतायत ना?"

रेणूने कमरेवर हात ठेवले, घसा खाकरला, आणि तिसऱ्यांदा अशी काही खणखणीत सुरुवात केली की कुंपणापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं.